आधी आडवी रेघ

"हे भलतंच काहीतरी," वेणीमाधव म्हणाले आणि त्यांनी उजवा तळहात मांडीवरच्या चादरीला पुसला. जणू चुकलेले अक्षर तिथे डाग ठेवून गेले होते. "पुन्हा."

दुर्गाबाईंनी भिंगातून पान पाहिले, नवऱ्याचा हात ओढून घेतला आणि तर्जनीने तळव्यावर अक्षर काढले. मधली उभी रेघ, डावा फाटा, उजवा फाटा. आणि सर्वांत शेवटी, डोक्यावरून, एक सरळ सराईत आडवी.

"आडवी आधी, दुर्गे. चिनी अक्षर आहे ते. वर शेवटी रेघ ओढायला हे 'कमळ' आहे का 'बदक'?"

"हात तसाच जातो की, अहो. आधी अक्षर, मग वरची रेघ. जन्मभर पोरांकडून तेच तर गिरवून घेतलं." त्यांनी खिडकीकडे पाहिले. "आज पाण्याचा दिवस आहे. नळ आला की मी उठणार, आत्ताच सांगून ठेवते."

एक संस्कृत तर्कग्रंथ मूळ रूपात नष्ट झाला होता आणि केवळ चिनी भाषांतराच्या रूपाने उरला होता. तो पुन्हा संस्कृतात आणण्याचे व्रत वेणीमाधवांनी घेतले होते. शेवटचे प्रकरण उरले आणि काचबिंदूने डोळे नेले. हजारो चिनी अक्षरे ते ओळखत, पण चेहऱ्याने, सभेतली माणसे ओळखावीत तशी. ती हाताने लिहिण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नव्हती. गिरवणे हा प्राथमिक शाळेचा विषय, असे त्यांचे मत होते. आणि पत्नीच्या नोकरीचा उल्लेख ते चारचौघांत 'रेघोट्या' असा करीत. आता तळहाताला चेहरा कळत नव्हता. त्याला एवढेच कळे की, कोणत्या रेघेमागून कोणती रेघ आली. क्रम चुकला की अक्षर मेले.

मोबाइलकडून पान वाचून घेण्याचा उपाय राजसने, त्यांच्या शेवटच्या विद्यार्थ्याने, करून पाहिला होता. जुन्या लाकडी ठशांनी छापलेल्या त्या पानावर मोबाइलने बराच विचार केला आणि पान रिकामे असल्याचा निर्वाळा दिला. पुढे राजसही येईनासा झाला. उरल्या दुर्गाबाई.

"वरून खाली. डावीकडून उजवीकडे. आडवी आधी, उभी नंतर," वेणीमाधव म्हणाले. मंत्राचा स्वर त्यांना अजून साधत होता. फक्त मंत्रावर विश्वास उरला नव्हता. "हे प्रकरण राहिलं, तर बाकीचं सगळं रद्दी आहे. कळतंय का तुला?"

"कळतंय. हात सैल सोडा. मूठ कशाला आवळताय?"

आडवी रेघ आली. डावा फाटा आला. मग उभी, मग उजवीकडे एक तुटका ठिपका.

"नाही," वेणीमाधव म्हणाले.

"आता काय चुकलं?"

"चुकलं नाही. ते अक्षरच 'नाही' आहे. नकार. वाचलं मी, दुर्गे. वाचलं." किती महिन्यांनी एक शब्द त्यांच्याकडे परत आला होता, आणि परत येण्यासाठी त्याने हाच अर्थ निवडला होता. त्यांच्या निस्तेज डोळ्यांत पाणी आले. पण विद्वानाला आनंद फार काळ निर्मळ ठेवता येत नाही. "बघ, जमतं की नाही? पहिलीच्या वर्गात रेघोट्या ओढून हात पार वाया गेला होता तुझा. म्हणून एवढा उशीर. चल, पुढचं."

दुर्गाबाईंनी भिंग पदराने पुसले.

"रेघोट्याच त्या," मग त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या पोरांना दिसत होतं, एवढाच काय तो फरक."

त्यांनी हात पुन्हा धरला. तळव्याच्या वरच्या अंगाला, डावीकडून उजवीकडे, एक आडवी रेघ ओढली. क्रम बिनचूक होता. बोट उचलले गेले. मग भिंग पानावर ठेवल्याचा आवाज आला.

वेणीमाधव दुसऱ्या रेघेची वाट पाहू लागले.

चिनीत नुसती आडवी रेघ हेही पुरे अक्षर असते. त्याचा अर्थ 'एक'. आणि असंख्य अक्षरांची ती केवळ सुरुवातही असते. हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यापलीकडे त्यांना काहीच ठाऊक नव्हते.

"दुर्गे, एवढंच आहे, की अजून आहे?"

बाहेर नळाला पाणी आले. बादली भरत गेल्याचा आवाज आला, मग ती भरून वाहू लागल्याचा. नळ कोणी बंद केला नाही.

"दुर्गा?"

मूठ मिटली तर रेघ मोडेल, या भीतीने त्यांनी हात तसाच उघडा धरून ठेवला.