कडक भाकरीचं पहिलं गिऱ्हाईक

"दीदी, राग मानू नको, पण तू आमच्या घरी भाकरी घ्यायला गेलतीस ना? मग रिकाम्या हातानं का चाललीस?"

हे विचारायची पैज अयोध्यानं लावली होती. ती आणि बाकीच्या मैत्रिणी उभ्या रिक्षाच्या आड तोंड दाबून हसत होत्या. मंजुश्रीचे कान तापले. पण विचारलं बाई तिनं! गेल्या वर्षी हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नव्हता, ती आता उद्योजक होती. निदान मोबाईलच्या स्टेटसवर तरी.

"ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी. महिनाभर टिकते. घरी येऊन न्यावी." असा मेसेज तिनं लातुरात क्लासला आलेल्या हॉस्टेलच्या पोरींच्या ग्रुपवर टाकला होता. रोज पहाटे उठून ती भाकऱ्या थापायची, मंद आचेवर पापडासारख्या कडक करायची, डब्यात रचायची आणि शाळेला पळायची. परत येऊन बघावं तर डबा रिकामा. किती आनंद! मग गल्ला म्हणून ठेवलेला बिस्किटांचा डबा उघडावा, तर तोही रिकामा.

माल खपला म्हणावं तर पैसे नाहीत. खपला नाही म्हणावं तर माल नाही. आईला विचारावं तर ती नुसतं "संपल्या की" म्हणायची. मंजुश्रीचं डोकंच चालेना. उंदीर? पप्पा? पण कडक भाकरी चोरून खाणं सोपं नाही, पहिल्याच घासाला अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

त्यात पप्पांनी, म्हणजे किराणा दुकानवाल्या शिवकुमारांनी, बजावलं होतं, "रविवारपर्यंत एक गिऱ्हाईक दाखव. पैसे देणारं. न्हाईतर हे खूळ बंद अन् गपचूप क्लास लाव." आणि आज शनिवार होता.

हॉस्टेलची ती दीदी, निलंग्याची अंबिका, जागीच थबकली. तिचा चेहरा पडला.

"अगं, घ्यायलाच आलते. काकूंनी आत बसवलं, ताट वाढलं. कडक भाकरी, चटणी, वर गरम वरण. लई दिवसांनी पोटभर जेवले. पैसे काढले तर काकूंनी हात जोडले. आता सांग, रोज रोज फुकट खायला कसं यावं? लाज वाटते गं. सगळ्या पोरी एकदाच येऊन गेल्यात, परत कुणी येत न्हाई."

रिक्षामागचं हसू थांबलं.

मंजुश्री घरात शिरली ती ओरडतच. "आई! तू माझा धंदा बुडवायलीस!"

आई चुलीपाशी बसली होती. कपाळावर विभूती, हाताला पीठ. "बुडवू कशाला? तू विक की."

"तू पैसेच घेत न्हाईस!"

"लेकरं आईबापाला सोडून आल्यात. आपल्या घरात आलेल्याला जेवू घालणं म्हणजे दासोह. ताटावरून उठलेल्या पोरीला 'पैसे काढ' म्हणायचं? माझी जीभ उचलत न्हाई, मंजू."

मंजुश्री भांडायला गेली होती. पण आईचं बोलणं चुकीचं वाटेना. आपलंही चुकीचं वाटेना. मग चुकतंय कोण? ती रात्री कूस बदलत राहिली आणि पहाटे सवयीनं भाकऱ्या थापायला बसली.

रविवारची संध्याकाळ. पप्पा ओट्यावर पेपर धरून बसले होते, पण नजर फाटकावर. कुणीच येईना. शेवटी त्यांनी पेपरची घडी घातली. "हं, मंजू. उद्या क्लासची चौकशी करू."

तेवढ्यात फाटक वाजलं. बाहेर अंबिका उभी होती, हातात पिशवी.

"आत ये गं, ताट वाढते," आई घरातून म्हणाली.

"न्हाई काकू, आत आले की तुम्ही पैसे घेत न्हाईत. रूमच्या पोरींसाठी न्यायच्यात. मी इथंच उभी राहते."

"मग पाणी तरी पी आत येऊन."

"न्हाई म्हणजे न्हाई काकू!"

पप्पा हसायला लागले. आई तांब्या घेऊन दारात येऊन थांबली. मंजुश्री भाकऱ्या घेऊन धावली, पिशवी भरली. अंबिकानं फाटकावरूनच पैसे तिच्या हातात ठेवले. आई बघत होती.

मंजुश्री परत फिरली आणि उंबऱ्यावरच थांबली. एक पाय आत, एक बाहेर. तिनं आत बघितलं, बाहेर बघितलं, आणि एकदम मोठ्यानं हसली.

"आई, पप्पा, ऐका, माझं ठरलं. उंबऱ्याच्या आत येतील त्या सगळ्या आईच्या पाहुण्या, एक पैसा घ्यायचा न्हाई. अन् उद्यापासून माझं दुकान फाटकाच्या बाहेर!"