पाहुण्यांची कॉफी

प्रज्वलने पहिली कॉफी सिंकमध्ये ओतून दिली. पाणी पुरेसं तापलं नव्हतं, कॉफी आंबट लागत होती.

“पाहुणे यायच्या आधीच ओतायला लागलास?” त्याची आई, शालनबाई, दारातून म्हणाल्या.

“हात बसवतोय.”

“चहा कर म्हटलं होतं. एवढ्या वेळात दहा जणांचा झाला असता.”

“नवनाथराव चहा घेत नाहीत, आई. विजयश्रीने आधीच सांगितलंय.”

शालनबाईंनी बारीक चोचीच्या केटलीकडे आणि काचेच्या भांड्यावर ठेवलेल्या नरसाळ्यासारख्या ड्रिपरकडे एकदा पाहिलं आणि त्या आत गेल्या. सकाळी जांभळी साडी नेसल्या होत्या, मग राखाडी. आता परत जांभळी होती.

गुरुवारची सुट्टी असल्यामुळे खालची वर्कशॉप बंद होती. एरवी प्रेसच्या ठोक्यांत चिखलीत स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. आज पंख्याची कुरकुर ऐकू येत होती आणि प्रज्वलला ती सहन होत नव्हती. तो गॅलरीत गेला, गेटकडे बघून परत आला, सोफ्याची उशी उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

विजयश्रीचा मेसेज आला. चाकणच्या चौकात अडकलोय.

तिची ओळख लग्नाच्या साइटवर झाली होती. पहिला मेसेज तिनेच केला होता. मग दोघं चाकणच्या एका कॅफेत भेटले, पुन्हा भेटले, आणि एका रविवारी दोघांनी आपापल्या घरी सांगून टाकलं. तिला आई नव्हती. वडील नवनाथराव राजगुरुनगरच्या शाळेतून निवृत्त झालेले. इकडे प्रज्वलचे बाबा गेल्यापासून घरात तो आणि आई. आई ब्लाउज शिवायची, तो चाकणला कंपनीत क्वालिटीला होता.

फोन वाजला. औशाहून मावशी होती.

“आले का रे ते?”

“यायलेत.”

“मी काय म्हणते, अजून वेळ हाय. आपल्या घरात असं कुणी केलं नाही. चार लोक तोंडावर नाही बोलणार, पण बोलतील.”

“बोलू दे, मावशी.”

“तुझ्या आईला काय वाटतंय ते तरी विचारलंस का नीट?”

प्रज्वलने आतल्या खोलीकडे पाहिलं. “त्याचीच तर धाकधूक आहे,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पाहुणे आले तेव्हा त्याची दुसरी कॉफीही फसली होती. नवनाथराव उंच, शिडशिडीत, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांनी दारात चपला नीट जुळवून ठेवल्या, हातातली पेढ्यांची पिशवी टीपॉयवर ठेवली आणि सोफ्याच्या अगदी टोकाला बसले. समोर शालनबाई खुर्चीत.

“ट्रॅफिक होतं का?” शालनबाईंनी विचारलं.

“होतं.”

विजयश्री उठली. “मी मदत करते,” म्हणत स्वयंपाकघरात आली.

प्रज्वल ग्राइंडरचा दांडा फिरवत होता. कागदी फिल्टर त्याने गरम पाण्याने भिजवून घेतला, पूड टाकली, वर थोडंसं पाणी सोडलं. पूड फुगली, बुडबुडे आले. थांबायचं होतं. थांबणंच जमत नव्हतं.

“बाहेर काहीच आवाज नाही,” तो हळूच म्हणाला.

“पप्पा कमीच बोलतात. सकाळी गाडीत बसायलाच तयार नव्हते.”

“आईही काल नकोच म्हणत होती. म्हणाली, कळवून टाक त्यांना.”

“मग?”

“मी कळवलं नाही.”

विजयश्रीने कप पुसून ओळीने मांडले. “माझ्याकडून मी पक्की आहे.”

“मीही.”

“एक विचारू? राजगुरुनगर इथून तसं लांब. आईपासून वेगळं राहाल तुम्ही?”

धार वेडीवाकडी झाली. प्रज्वलने केटली सरळ केली, मधून कडेला, कडेवरून मधे, गोल गोल पाणी सोडत राहिला. त्याला दहावीची परीक्षा आठवली. तेव्हा आई रात्र रात्र मशीनवर बसायची, आणि झोप येऊ नये म्हणून तो तिच्याजवळ मोठ्याने वाचायचा.

“राहीन,” तो म्हणाला. “जड जाईल. पण राहीन.”

एवढ्यात बाहेरून हसण्याचा आवाज आला. दोघं थबकली.

“आई हसली,” प्रज्वल म्हणाला.

ट्रे घेऊन तो बाहेर आला तेव्हा नवनाथराव सोफ्यावर जरा मागे सरकून बसले होते. त्यांनी कप उचलला, वास घेतला, एक घोट घेतला. प्रज्वल उभाच होता.

“कडू आहे,” नवनाथराव म्हणाले. आणखी एक घोट घेतला. “पण छान आहे. मन लावून केलीय.”

शालनबाईंनीही कप तोंडाला लावला. घरात ही कॉफी आल्यापासून त्या पहिल्यांदाच ती पीत होत्या.

“प्रज्वल,” नवनाथराव म्हणाले, “बसा. मला आडपडदा आवडत नाही. तुमच्या मनात काही किंतु असेल तर आत्ता बोला. पुढे आयुष्यभर मनात राहायला नको.”

“काहीच नाही, सर. माझी मनापासून इच्छा आहे.”

“विजू?”

“पप्पा, किती वेळा सांगू.”

नवनाथराव शालनबाईंकडे वळले. “मुलांचं तर ठरलेलंच आहे. राहिला तुमचा शब्द. घाई नाही. नाही म्हणालात तरी आम्ही वाईट वाटून घेणार नाही.”

शालनबाई कपाकडे बघत राहिल्या. पंख्याची कुरकुर चालू होती.

“लोकांचं ऐकत बसले तर काहीच व्हायचं नाही,” त्या अखेर म्हणाल्या. “माझी हरकत नाही.”

विजयश्री उठली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. शालनबाईंनी तिला दंडाला धरून वर उचललं, जवळ घेतलं. दोघींचे डोळे भरले होते.

“काकू, आता तुम्हाला आई म्हणणार मी,” विजयश्री म्हणाली, आणि डोळे पुसत प्रज्वलकडे वळली. “आणि तुम्हाला दादा.”