सात स्वारांचा भाला

निजामाची सत्ता संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर घरोघरची हत्यारं जमा होत होती. जमादार गुलमंडीत तात्यासाहेबांच्या दारात येऊन ठेपला. "आजोबांचा भाला काढा. एका रेट्यात सात घोडेस्वार ओवले म्हणं त्यानं!"

तात्यासाहेब कसनुसं हसले. ओट्यावर बसून ही गोष्ट तेच सांगायचे. "मी लई थापाडा हाय, साहेब. त्या भाल्यानं आम्ही शेवग्याच्या शेंगा काढतो."

"थापाडे व्हय? मग गवाह आणा."

शेजारच्या मजीदनं हाळी दिली, तशी सगळी गल्ली मदतीला धावली. एकेकानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "साब, यांचा एक लफ्ज खरा नाय!"

भाला वाचला. पण तो उराशी धरून बसलेल्या तात्यासाहेबांना एवढंच टोचत राहिलं, की कुणी एकानं तरी बोलताना जरा अडखळायचं होतं.