नऊशे बारा चिंचोके

"रोजची वाहनं शून्य, म्हणून गुणही शून्य." नियोजन कार्यालयातल्या मॅडमनी ओढ्यावरच्या पुलाचा प्रस्ताव बाजूला ठेवला.

"मॅडम, पूलच नाही तर गाडी येणार कुठून?" भिवाजीनं टेबलावर पिशवी ओतली. चिंचोके घरंगळले. ओढा भरला होता म्हणून त्याची बायको सगुणा दवाखान्यात पोचली नाही, अलीकडच्या काठावरच तिचा जीव गेला. पुढे महिनाभर तो तिथंच बसला. पाण्यातून जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक चिंचोका पिशवीत टाकत राहिला.

"काका, चिंच कुठं राहिली?" कारकून हसला. मॅडमनी त्यालाच मोजायला बसवलं. नऊशे बारा भरले. मॅडमनी वाहनांऐवजी माणसं धरून गुण नव्यानं दिले आणि पूल निधीच्या यादीत बसला.

संध्याकाळी घरी जाताना भिवाजी ओढ्यात उतरला. सगुणा गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला त्या पाण्याचा राग आला नाही.