मोकळा हात

"मोठ्या डोक्याची घ्या," आण्णा म्हणाले. "बॉलला नुसती लावायची. बाकीचं काम रॅकेट करत्या."

निशाने ती रॅकेट हातात घेऊन दुकानातच एकदा फिरवली. तिचा चेहरा उजळला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आण्णांच्या या खेळाच्या दुकानात ती वडिलांबरोबर पेठ वडगावहून आली होती. तिचे वडील प्रसेनजीत कांबळे तिथल्या शाळेत शिकवायचे. टेनिसमधलं त्यांना फारसं कळत नव्हतं, म्हणून निशाच्या कोच त्रिशलाबाई मुद्दाम बरोबर आल्या होत्या.

"हीच पाहिजे, मॅडम," निशा म्हणाली. "जुनीत दमच न्हवता."

"सगळ्या मॅचला नव्हता, का आदितीच्याच?"

निशा रॅकेटच्या तारा चाचपत राहिली.

जिल्ह्यातल्या मुलींत निशाला अडवणारी एकटी आदितीच होती. सुट्टी लागली की ती पुण्याला एका मोठ्या कोचकडे शिकायला जायची. बाकीच्या मुलींना निशा हसतखेळत हरवायची, पण समोर आदिती आली की तिचे फटके नेटमध्ये अडकायला लागायचे. आता पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा होती आणि जिंकणारी एकटीच राज्याच्या निवडीला जाणार होती.

"म्हंजे आदितीला हरवायला नवी रॅकेट?" आण्णांनी विचारलं आणि त्रिशलाबाईंकडे बघितलं.

"त्यासाठीच," बाई म्हणाल्या. "ही द्या, आणि अजून दोन द्या. कोर्टावर आम्ही मारून बघतो, मग सांगते."

आण्णा आत गेले तसे प्रसेनजीत हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आमची पोरगी हरायला लाजत न्हाय. जिंकायला लाजत्या."

"त्याला रॅकेटमध्ये औषध नसतं, सर," बाई म्हणाल्या. "पण निदान रॅकेटचं कारण तरी संपू दे."

दुपारी कोर्टावर मोठ्या डोक्याच्या रॅकेटने निशाने पहिलाच फटका मारला आणि बॉल मागच्या जाळीवर जाऊन आदळला. दुसराही तिथेच गेला. ताकद होती, पण लगाम नव्हता. दुसरी रॅकेट लहान डोक्याची आणि जड होती. तिने मारलेला बॉल सांगाल त्या कोपऱ्यात पडायचा, पण थोड्याच वेळात निशाचं मनगट भरून आलं.

तिसरीचं डोकं मध्यम होतं आणि वजन मुठीकडे झुकलेलं. बाईंनी निशाला नेटजवळ उभं केलं. "रॅकेट पुढं धर आणि डोळे मीट. मी बॉल टाकते. कुठं लागला ते सांगायचं."

"मधी," निशा म्हणाली. मग, "वरच्या कडंला." मग, "परत मधी." एकदाही चुकली नाही.

"आता डोळे उघड आणि मार."

निशाने मारलं. बॉल नेटवरून सपाट गेला आणि रेघेच्या आत टेकला. ती रॅकेटकडे बघून हसली.

"हीच," बाई म्हणाल्या. "दम पण आहे, ऐकते पण, आणि हाताला खरं सांगते. आता ध्यानात ठेव. आदितीच्या बॅकहँडला बॉल खाली ठेवायचा. वाकायचा कंटाळा आहे तिला, लहानपणापासून."

निशाचं हसू मावळलं. "मॅडम, मी जिंकलो तर चालंल तुमाला?"

"मग एवढ्या उन्हात कशाला उभी आहे मी?"

पुढच्या महिन्यात जिल्ह्याची फायनल निशा आणि आदितीतच झाली. सकाळपासून त्रिशलाबाईंच्या घशाखाली पाण्याशिवाय काही उतरलं नव्हतं. पहिला सेट आदितीने सहज घेतला. रॅकेट नवी होती, पण निशाचा हात जुनाच होता. मारायची वेळ आली की आखडायचा. दर पॉइंटनंतर ती बाईंच्या खुर्चीकडे बघायची. बाई सरळ समोर बघत बसल्या होत्या.

बाजू बदलताना दोघी नेटपाशी समोरासमोर आल्या. आदिती थांबली.

"खेळ की, निशा," ती म्हणाली. "असं खेळणार असशील तर मी हरवू कुणाला?"

निशाने तिच्याकडे नीट बघितलं. मग जाऊन सर्व्हिस केली. बॉल आदितीच्या रॅकेटला न लागताच मागे गेला.

तिथून मॅच पालटली. निशा बॉल खाली ठेवू लागली. आदितीला वाकावं लागलं आणि वाकून मारलेला बॉल उंच येऊ लागला. निशा तो मोकळ्या हाताने मारत सुटली. दुसरा सेट तिने घेतला. तिसऱ्यात आदितीही हटली नाही. एका बॉलमागे धावताना ती मातीवर घसरून पडली, तेव्हा बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. आदिती गुडघा झटकून उभी राहिली. लोक आता दोघींसाठीही टाळ्या वाजवत होते.

शेवटचा पॉइंट लांबत गेला. निशाने खाली, अगदी नेटला घासून बॉल टाकला. आदितीने तो कसाबसा उचलला. वर आलेला बॉल निशाने मोकळ्या कोपऱ्यात असा मारला की आदिती जागची हललीसुद्धा नाही.

एरवी शाळेत मोठ्याने न बोलणारे प्रसेनजीत सर खुर्चीवर उभे राहून शिट्ट्या मारत होते. निशा रॅकेट घेऊन धावत आली, त्रिशलाबाईंच्या पाया पडली आणि खाली मान घालून रडायला लागली. बाईंनी तिला उठवून छातीशी धरलं.

गळ्यात टॉवेल टाकून आदिती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. गुडघ्यावर माती होती, श्वास अजून फुललेला होता. तिने निशाच्या पाठीवर थाप मारली आणि बाईंकडे बघून हसली.

"बघितलंस न्हवं, आई," ती म्हणाली, "शेवटी खेळली की माझ्याशी."