भिंतीवरचे दोन फोटो

जागच्या जागी सायकल चालवायच्या क्लासमध्ये माझ्या बायकोचे दोन फोटो शेजारी शेजारी लावलेत. एक लठ्ठ असतानाचा, दुसरा बारीक झाल्यावरचा. दुसरा काढला तेव्हा मी तिला न्यायला गेलो होतो. सायकलवरूनच ती म्हणाली, "बघितलंत? आता तुमच्या ढेरीचा नंबर!" सगळा क्लास हसला, टाळ्या वाजल्या.

ती वारल्यावर तो हसरा फोटो मागायला मी परत तिथे गेलो. शिकवणारी मुलगी लगेच स्टुलावर चढली. तेवढ्यात घामाघूम झालेली एक बाई ओरडली, "अगं, काढू नकोस गं! पाय भरून आले की मी काकूंकडेच बघते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, खरं सांगा हं, एवढं वजन नुसत्या सायकलनं उतरलं?"

"हो, सायकलनंच," मी म्हणालो, आणि फोटो न घेताच घरी आलो.

***

डॉक्टर मला म्हणाले होते, "अहो, वजन इतकं झपाट्यानं उतरत होतं, तेव्हाच आणायचं होतंत ना त्यांना."