चहाचा तपकिरी

“अजून उजळ कर,” कंपनीचे मालक खटावकर साहेब तिसऱ्यांदा म्हणाले आणि शाल्मलीनं माउस टेबलावर आपटला.

चहाच्या मशीनच्या इवल्याशा स्क्रीनवर सोळाच रंग होते आणि सगळ्या चित्रांना त्यातच भागवायचं होतं. पहिल्या पानावर साहेबांचा फोटो, पुढच्या पानावर चहाचा कप, आणि दोघांना मिळून एकच तपकिरी. एकाला उजळ केलं की दुसराही उजळणार, हे ती सकाळपासून घसा कोरडा करून सांगत होती.

“कारणं देऊ नकोस. एवढा साधा रंग कळत नाही तुला?”

रंग! तिला बघायला आलेल्या प्रत्येक घरानं रंगावरूनच नाक मुरडलं होतं. दातओठ खात तिनं तो तपकिरी पार फिकट करून टाकला. साहेब गोरेगोमटे झाले आणि खुशीत गिऱ्हाइकाला घेऊन आले.

गिऱ्हाइकानं स्क्रीनवरचा कप बघितला आणि तोंड वाकडं केलं. “हा चहा आहे का भांडी विसळलेलं पाणी?”

साहेब तिच्यावरच खेकसले, “चहा कडक दिसायला पाहिजे!”

“दिसेल की,” शाल्मली सगळ्यांसमोर म्हणाली, “पण मग तुम्हाला आहात तसं दिसावं लागेल.”